स्टॉलमधला काळा कागद

कुलूप शाबूत होतं. कॅमेरा मात्र गायब.

समुद्रकाठच्या फरसबंदीवर फोटोवाल्या ताईचा स्टॉल होता. लाकडी चंद्रावर बसायचं, बटण दाबलं की लगेच फोटो हातात. कॅमेरा तिच्या वडिलांचा. आज दुपारी पालिकेची पाहणी होती. स्टॉल चालू दिसला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"फुगेवाल्यानंच नेला," ताईचा धाकटा भाऊ फौजदार बाईंना म्हणाला. "या जागेवर डोळाच आहे त्याचा. भरलेला कॅमेरा आयता मिळाला लेकाला!"

फुगेवाल्याला शिपायानं आधीच चौकीत बसवलं होतं.

बाई वाकल्या. चंद्राखाली तळहाताएवढा काळा कागद पडला होता.

"हे काय?"

"फिल्मवरचं झाकण," ताई म्हणाली. "नवं पाकीट भरलं की कॅमेरा आधी हे बाहेर टाकतो."

"काल कधी भरलंत?"

"भरलंच नाही. फिल्म संपली म्हणून शेवटच्या जोडप्याला परत पाठवलं. मग झाडलं, कुलूप लावलं."

"भाऊ होता तेव्हा?"

"नाही, तो दुपारीच गेला होता."

"नवी पाकिटं कुठे ठेवता?"

"घरी, फ्रिजमध्ये. इथे उन्हानं खराब होतात."

"आणि किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक याच्याकडे. पण बाई, त्याच्यावर संशय नको. आईमागे मीच वाढवलंय त्याला."

बाई भावाकडे वळल्या.

"केर काढल्यावर कुणीतरी किल्लीनं आत आलं. कॅमेऱ्यात फिल्म भरली, चालतोय का पाहिलं आणि घेऊन गेलं. फिल्म आली तुमच्या घरातून. फुगेवाला काही तुमच्या स्वयंपाकघरात शिरत नाही. शिवाय कॅमेरा रिकामा होता, असंच ताई समजत होत्या. तो भरलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भावाची मान खाली गेली.

"समोरच्या हॉटेलला फोटोवाला हवाय," तो पुटपुटला. "कॅमेरा घेऊन ये म्हणाले. हा स्टॉल बंद पडला, की ही जागाही तेच घेणार."

"मला विचारायचंस तरी."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

ताई चंद्रावर मटकन बसली. "केसानं गळा कापलास रे."

"घरचं प्रकरण आहे," बाई हलकेच म्हणाल्या. "तक्रार मागे घेताय?"

भावानं आशेनं वर पाहिलं.

"नाही," ताई म्हणाली. "आधी त्या फुगेवाल्याला सोडा. तो उठला, की याला तिथे बसवा."