दोन ठिपक्यांमधल्या सासूबाई

शेवटी सासूबाईंनी स्वतः उठून मशीन बंद केलं. पण तसं काही झालंच नाही, असं घरात सर्वानुमते ठरलं आहे. शिवाय सासूबाई जावयाच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. तेव्हा ते सोडून देऊ आणि रविवारच्या दुपारपासून सुरुवात करू.

जावई सासऱ्यांच्या घरी राहायचा. या विषयावर जगात जेवढे विनोद आहेत तेवढे त्याच्या मित्रांनी त्याला ऐकवून झाले होते. सासऱ्यांना निवृत्तीनंतर एकच नाद लागला होता, गाणी ऐकायच्या यंत्रांचा. गाण्यांचा नव्हे, यंत्रांचा. गेल्या वर्षी त्यांनी कन्व्हर्टर आणला होता. फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करून देणारी ती जड काळी पेटी, तिला पुढे एकच पितळी बटण. तिच्यासमोर बसायला खास चामड्याची खुर्ची घेतली. वायर फरशीला टेकू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे लावले.

"नातीला अजून पलंग नाही, पण वायरला आहे," जावयाची बायको म्हणायची.

त्या दुपारी सासऱ्यांना एक जुनी फाइल ऐकायची होती. सासूबाई मटार सोलता सोलता अंगाई गुणगुणत होत्या, तेव्हा बायकोने ती साध्या फोनवर चोरून रेकॉर्ड केली होती. फोन पुढे बादलीत पडला आणि सासूबाईंचा आवाज आधीच कॉम्प्युटरवर उतरवलेल्या या एकाच फाइलीत उरला. जावयाची लेक छकुली त्याशिवाय झोपायची नाही. अंगाईच्या मधेच सासूबाई थांबत, काहीतरी पुटपुटत आणि पुन्हा गाऊ लागत. ते पुटपुटणं सासऱ्यांना समजून घ्यायचं होतं.

"मलाच काहीतरी म्हणाली असणार. घरात दुसरं होतं कोण?"

"मी होते," बायको म्हणाली.

"तुला ती ओरडून सांगायची. पुटपुटायची ती मलाच."

जावयाने अपसॅम्पलिंग सुचवलं. "आवाज म्हणजे आकड्यांचे ठिपके, बाबा. दोन ठिपक्यांच्या मधे प्रोग्राम आणखी ठिपके भरतो, म्हणजे तुमच्या पेटीला काम सोपं जातं. नवीन काही येत नाही हं. मधला सगळा नुसता अंदाज."

"अंदाज तर अंदाज. भरा, जावईबापू."

जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवू का, असं प्रोग्रामने विचारलं. अशा प्रश्नांना आपण सगळेच देतो तसं जावयाने न वाचता 'हो' दिलं.

त्याने नवी फाइल लावली. मटाराच्या शेंगा आता अगदी कानाशी फुटत होत्या. मग अंगाई थांबली, आणि त्या शांततेत स्पीकरमधून चामडं करकरलं.

सासरे दचकून पुढे सरकले. खुर्ची करकरली. तोच आवाज.

"ही खुर्ची मी गेल्या वर्षी घेतलीय," ते म्हणाले. "तुमच्या प्रोग्रामला तिचा अंदाज कसा आला?"

"करकरण्यात सगळ्या खुर्च्या एकाच माळेचे मणी, बाबा," जावई म्हणाला. पण आता त्यालाच चैन पडेना. ठिपके आणखी दाट करायला त्याने मूळ फाइल शोधली. एकदा फुगवलेली फाइल पुन्हा फुगवू नये, नेहमी मुळापासून सुरुवात करावी, हा या कामातला पहिला धडा. मूळ फाइल कुठेच नव्हती. त्याच्या 'हो'ने ती पुसली होती. कोणाला न सांगता त्याने फुगवलेलीच पुन्हा फुगवली.

अंगाई थांबली. या वेळी जरा लवकर.

"कोण बसलंय तिथे?" सासूबाईंनी स्पष्ट विचारलं.

बायको ओले हात पुसत दारात आली. "अरे, एक कडवं कुठे गेलं?"

फाइल तेवढीच लांब होती. बोलणं वाढलं होतं, तेवढं गाणं घटलं होतं. मग जावयाने मूळ फाइलीचं सांगून टाकलं. बायको सरळ वडिलांकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, आता पुरे. गाणं संपतंय."

"गाणं काय, तूही म्हणू शकतेस. ती बोलतेय."

"मी म्हटलेलं छकुलीला चालत नाही. तिला आजीच लागते."

"मलाही तीच लागते," सासरे म्हणाले.

दोघांनी जावयाकडे पाहिलं. त्याने थांबायला हवं होतं. पण पुढे काय आहे, हे न कळता जेवण गेलं नसतं त्याला. त्याने फाइल आणखी एकदा फुगवली आणि लावली.

आता गाणं नव्हतंच. नुसत्या शेंगा. मग शेंगाही थांबल्या.

"अहो."

"ओ," सासरे म्हणाले.

"नीट बसा. पाठ दुखेल."

सासऱ्यांनी पाठ सरळ केली.

"आणि तुमच्या शेजारी हा कोण उभा आहे?"

जावई हलला नाही.

"जावई आहे," सासरे म्हणाले. "आपलाच."

मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग पावलं.

फोनच्या रेकॉर्डिंगला एकच माइक. त्यात डावं-उजवं काही नसतं. तरी पावलं डाव्या स्पीकरमधून निघाली. दोन्ही स्पीकरांच्या मधे आली.

तिथून पुढे आली.

पितळी बटण आत गेलं. पेटीचा दिवा विझला.

"लाइट गेली," बायको म्हणाली.

डोक्यावर पंखा फिरत होता.

"हो, लाइट गेली," जावई म्हणाला.

आता कुठल्याही यंत्रावर लावली तरी फाइल रिकामी निघते. सासरे पाठ सरळ ठेवून बसतात आणि खुशीत असतात. छकुली अंगाईशिवाय झोपते. झोपताना कोणाचं तरी बोट धरावं तशी मूठ वळते. मुठीच्या मधे बोटाएवढी जागा राहते.

जावयाने कंपनीच्या सेवा विभागाला लिहिलं. सासऱ्यांनी सही करायला साफ नकार दिला, म्हणून त्याने एकट्याच्या नावाने पाठवलं:

"महोदय, आपल्या कन्व्हर्टरबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. तथापि, सोबत जोडलेली फाइल रिकामी असून तिच्यातील व्यक्ती सध्या आमच्या घरी वास्तव्यास आहे. तरी सदर व्यक्तीस अंगाईसह मूळ फाइलीत, पूर्वीइतक्याच अस्पष्ट स्वरूपात, परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी; आणि तोवर, मी या घरचा जावई असल्याची खात्री तिला आपल्या स्तरावरून पटवून देण्यात यावी, ही नम्र विनंती."