वीस पावलं

“अवो... इकडंही दोन थेंब टाका ना!”

पंचफुलानं वळून पाहिलं. बाच्या शेजारच्या खाटेवरचा तरुण कोपरावर रेलून बसला होता. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली आणि डोळे... डोळे नुसते पळसाच्या फुलांसारखे लाल.

“डोळ्यात कोणी वाळू भरली असं वाटून राहिलं,” तो म्हणाला.

“वाळूचंच काम असन तुमचं.”

“वाळू नाही, क्रेन. क्रेनवर खलाशी, चालवणाऱ्याचा मदतनीस हाय मी. जानराव.” एवढ्या तापातही त्याला ते सांगावंसं वाटलं, याचं तिला हसू आलं.

एकोणीसशे सत्तावनचा जून होता. भिलाईत कारखाना उभा राहत होता. मैलोन्‌मैल जमीन उकरून ठेवलेली, आणि त्या लाल धुळीत खोकल्या-तापाची साथ घुसली होती. फ्लू म्हणत तिला. मजुरांसाठी एका पत्र्याच्या बराकीत खाटा टाकल्या होत्या. पंचफुलाचा बा, कवडू, पाया खणणाऱ्या टोळीत होता. सहा दिवस तो तिथं पडून होता. आई लहानपणीच गेलेली. बापलेक दोघंच भंडाऱ्याहून इथं आलेले, त्यामुळे बाजवळ बसायला पंचफुलाशिवाय कोणी नव्हतं.

नर्स सिंधुताई एकट्या चाळीस खाटा सांभाळत. त्यांनीच तिच्या हातात बाटली दिली होती. “ताप माणसाला आतून सुकवतो गं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटतं. ग्लानीत पापण्या अर्ध्या उघड्या राहतात, वरून ही धूळ. उकळलेलं मिठाचं पाणी आहे हे. दर दोन तासांनी घालत जा.” मग शेजारच्या खाटेकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, “आणि जमलं तर त्यालाही.”

आता ती जानरावच्या उशाशी आली.

“वर पाहा.”

“वर नुसता पत्रा हाय.”

“मंग पत्रा पाहा.”

“त्यापेक्षा—”

थेंब टपकन पडला. त्यानं डोळे गच्च मिटले.

“मिटू नका! सारं पाणी वाया गेलं.”

“तुमी इतक्या जवळ आल्यावर उघडे कसे ठेवू?”

दुसऱ्या डोळ्यात तिनं तीन थेंब जास्तच टाकले.

पुढच्या दोन दिवसांत तिला त्याची काळजी कळली. कारखान्यानं क्रेन शिकायला रशियाला पाठवायच्या पोरांची यादी केली होती. त्यात जानरावचं नाव होतं. दोन वर्षांचं शिक्षण. पण आधी डोळ्यांची तपासणी, अन् ती बारा दिवसांवर आलेली.

“वीस पावलांवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत,” तो म्हणाला. “अन् मले तर सिंधुताईची टोपीही धुरकट दिसून राहिली.”

“दिसन. मी हावो ना.”

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

ताप उतरला तसा तो बराकीबाहेरच्या कडुलिंबाखाली येऊन बसू लागला. पंचफुला चौथी शिकलेली होती. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती कोळशानं अक्षरं काढायची आणि समोर धरायची. आधी पाच पावलांवरून. मग आठ. मग अकरा.

“हे कोणतं?”

“दिसत नाही. थोडं जवळ या.”

ती एक पाऊल पुढं यायची.

“अजून.”

अजून एक.

“आता?”

“आता तुमच्या कपाळावरचा तीळ दिसला. अक्षराचं मंग पाहू.”

“चाबरे हाय तुमी!” म्हणून ती पुन्हा अकरा पावलं मागं जायची. मागं जाताना पावलं मोजायची... आणि का कोण जाणे, प्रत्येक पावलाला काळजात बारीकसं दुखायचं. त्याचे डोळे जितके निवळत होते, तितका तो लांब जाणार होता. आणि ते डोळे तीच निवळत होती.

कवडू खाटेवरून सगळं ऐकत असायचा. एकदा धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, “पोरी, माह्यापेक्षा त्याच्याच डोळ्यात जास्त थेंब जातेत वाटते.”

“बा!”

“जाऊ दे व. पोरगा चांगला हाय. तुह्या लोट्यातलं पाणी पेते.”

ती साधी गोष्ट नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या दसऱ्याला कवडू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. ताठ मानेनं फिरत होता. पण माणसांच्या नजरा काही दसऱ्यापासून बदलल्या नव्हत्या. जानरावचे वडील गुलाबराव दुर्ग स्टेशनात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. एकदा ते डबा घेऊन आले, तेव्हा ती थेंब घालत होती. तिच्या पदराजवळ टेकवलेला डबा उचलून त्यांनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. जानरावनं ते पाहिलं. तिनंही.

आठवड्यानं जानरावला घरी सोडलं. तरी रोज सकाळी तो सायकल हाणत दुर्गहून यायचा, थेंब घालून घ्यायला. कवडूचा ताप मात्र छातीत उतरला होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता कवडूचा श्वास अडकत आला. सिंधुताई डॉक्टरांना बोलवायला धावल्या. पंचफुलानं बाचा हात हातात धरला होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, काही बोलायला ओठ हलवले... आणि छाती खाली गेली ती परत वर आलीच नाही.

त्याच वेळी दाराशी सायकलची घंटी वाजली.

काय झालं तिला, कोण जाणे. तिनं बाचे डोळे मिटले. चादर हनुवटीपर्यंत ओढून सारखी केली. त्याचं तोंड हलकेच भिंतीकडे वळवलं, आणि बाटली उचलून ती दारात गेली.

“बा आत्ताच झोपला. हळू बोला.”

जानराव धुतलेला सदरा घालून आला होता. तिनं त्याची हनुवटी वर केली. एक थेंब. दुसरा.

“आज तुमचा हात थंड हाय,” तो कुजबुजला.

“पाणी थंड हाय.”

“पास झालो त काय द्यान?”

“आधी जाऊन त या.”

तो हसला. सायकल रस्त्याला लागून धुळीत दिसेनाशी होईपर्यंत ती हसऱ्या चेहऱ्यानं दारात उभी राहिली. मग मागं फिरली.

दुपारी जानराव जिलेबीचा पुडा घेऊन आला, तेव्हा कवडूची खाट रिकामी होती. गादी बाहेर उन्हात टाकलेली. सिंधुताईंनी त्याला सगळं सांगितलं. सकाळी आठची वेळसुद्धा.

खुर्सीपारच्या मजुरांच्या झोपड्यांशी तो पोचला, तोवर कवडूला माती देऊन लोक परतले होते. पंचफुला दाराला टेकून बसली होती. डोळे लाल, कोरडे, टक्क उघडे. बायांची कुजबुज चालली होती. बाप गेला अन् पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही... कशी म्हणावी ही!

जानराव सगळ्यांदेखत पुढं गेला. तिच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला त्याला.

“तिले ताप हाय!” तो बायांवर ओरडला. “दिसत नाही का तुमाले? डोळे सुकले तिचे. रडन कशानं?”

बाया एकेक करून उठल्या. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मले कावून नाही सांगितलं?”

“तुमी रडले असते. डोळे लाल झाले असते. नापास केलं असतं त्यायनं.”

“मी पास झालो. पण जात नाही मी. तुले अशी टाकून... मले तू पाहिजे पंचफुला, क्रेन नाही पाहिजे.”

पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं.

“मंग माह्या बाच्या अंगावरची चादर मी उगीच सारखी केली का रे?”

तो रडला. तिनं रडू दिलं. आता रडायला हरकत नव्हती.

चार दिवसांनी, ताप उतरल्यावर, तिचा मामा धोंडबा तिला भंडाऱ्याला न्यायला आला. दुर्गच्या फलाटावर, तिच्या खिडकीशी जानराव उभा होता. मामा पाणी भरायला नळावर गेला, तेवढाच वेळ मिळाला.

“बाबाले आपलं सांगितलं मी,” जानराव म्हणाला.

“काय म्हणले?”

“काही नाही. जेवले नाही दोन दिवस.”

गाडीनं शिटी दिली. तिनं खिडकीचा गज धरला. त्यानं त्यावर हात ठेवला, तिच्या बोटांना लागेल न लागेल असा.

“दोन वर्षं, पंचफुला...”

“दोन वर्षं मी कोणाले हो म्हणणार नाही,” ती म्हणाली. “तिसऱ्या वर्षाचं मले सांगता येत नाही. मामाच्या घरी राहणं हाय.”

“लवकर येईन.”

“शिकून ये.”

मामा धावत येऊन डब्यात चढला आणि गाडी हलली. पुढं, रूळ बदलायच्या दांड्यापाशी, गुलाबराव उभे होते. त्यांनी खिडकीतल्या तिला ओळखलं आणि मान दुसरीकडे वळवली.

राजनांदगाव गेलं. डोंगरगड आलं. टेकडी मागं पडत होती, तेव्हा पंचफुलाच्या डोळ्यांत काहीतरी चुरचुरलं, आणि एकाएकी गालावरून ऊन पाणी वाहू लागलं. आधी तिला कळलंच नाही. मग ती पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडायला लागली.

समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कोण गेलं वो माय?”

“बा गेला,” पंचफुला म्हणाली.

म्हातारी हळहळली. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. पंचफुलाचे डोळे थांबत नव्हते. बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत, ती हळूच म्हणाली,

“अन् एक जण जाऊन राहिला.”