गोदाचा नंबर

दार लोटून घ्या आणि जवळ बसा. ही गोष्ट आमच्या महिपतची. त्याचा पुतण्या संदेश, त्याने स्वतः मला सांगितली, म्हणून खरी.

गेल्या साली, पिठोरी अमावास्येची रात्र. गणपती तोंडावर आले होते. भजनाची पेटी मंडणगडला दुरुस्तीला टाकलेली, ती आणायला महिपत मोटरसायकलवरून गेला होता. गावात त्याच्या शब्दाला वजन. आरोग्य केंद्राच्या समितीवरही तोच.

पण त्याच्या आदल्या पावसाळ्यातलं आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याची कीव करत बसाल.

तेव्हा एकाच संध्याकाळी दोघांना मण्यार चावली. गोदाला, म्हणजे भातलावणीला मजुरीने जाणाऱ्या एकट्या बाईला, आणि तिच्यामागून केंद्रात आणलेल्या संदेशला. लस एकालाच पुरेल एवढी. गोदाच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. संदेश मात्र चांगला बोलत होता. दापोलीहून दुसरी लस येईपर्यंत त्याने कळ काढली असती. डॉक्टर गोदालाच सुई लावायला निघाला, तर महिपत आडवा आला.

"ती एकटी बाय, वय जालंय तिचं," तो म्हणाला. "पोराचा आख्खा जलम पडलाय. त्याला द्या."

डॉक्टर नवा होता. बदलीची भीती दाखवल्यावर वळला. आता तरण्याला आधी द्यावं की जो आधी मरेल त्याला, यावर हवं तेवढं भांडा. पण महिपतला वयाचं काही पडलं नव्हतं. दुसऱ्याचा पोरगा असता तर त्याने तोंड उघडलं नसतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि गोदाला सगळं ऐकू येत होतं. मण्यारीच्या विषाने शुद्ध लगेच जात नाही, नुसतं हलता येत नाही. दापोलीची लस पोचली तेव्हा ती गेली होती.

तर त्या अमावास्येला परतताना पेटीची दोरी सैल झाली म्हणून महिपत घाटीत थांबला. खाली वाकला. घोट्याला टोचल्यासारखं झालं. मोबाइलच्या उजेडात काळं अंग दिसलं, पांढरे पट्टे…

घाबरला, पण डगमगला नाही. केंद्र जवळ होतं, आणि आता तिथे लस भरपूर होती. गाडी दामटत तो पोचला. संदेश तेव्हा मुंबईला होता, त्याला फोन लावला.

"पान लागलंय रं," म्हणाला. रात्री जनावराचं नाव घेत नाहीत ना आपण. "पन पोचलोय. दार उघडं हाय."

मग थांबला.

"बाकावर कोन बाय बसलीय… माज्या आदी."

संदेशने सांगितलं, काका, तिला सांगा आणि सरळ आत जा.

"जातोय… पाय उचलत नाय…" जीभ जड झाली होती. "मी बी बसलोय… ती बगत पन नाय…"

पुढे नुसता श्वास. लांब. मग तोकडा. फोन चालूच.

आणि अगदी जवळून बाईचा आवाज. शांत.

"माजा नंबर आदी हाय. बस."

संदेशने आवाज ओळखला. त्या संध्याकाळी शेजारच्या खाटेवरून तोच आवाज येत होता, बंद पडेपर्यंत.

त्याने गावात फोन केले. माणसं धावत पोचली. महिपत बाकाच्या एका टोकाला बसलेला. डोळे अर्धे उघडे. गार. सिस्टर ऋतिका आत जागी होती. गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर येऊन बघून गेली होती. बाक रिकामा होता, म्हणते. तिच्यावर संशय घेऊ नका, खोटं बोलणारी पोरगी नाही ती.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

महिपतच्या दोन्ही हातांवर सुईची खूण नव्हती. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा पडला होता, सुई काढल्यावर दाबून धरतात तसला. त्यावरचं रक्त अजून ओलं होतं.