डाव्या इंजिनाची तक्रार

सोफियाच्या विमानतळावर गारठलेला पाऊस भुरभुरत होता. विमानाचा जिना उतरताना वाऱ्यानं माझी टोपी उडवली आणि ती नेमकी डाव्या इंजिनाखाली जाऊन पडली. ज्यानं ती उचलली, तो आमचा नवा मेकॅनिक — यासेन.

"टोपी तुमचीच?"

"आणि तक्रारही माझीच. हे इंजिन थरथरतंय."

"थरथरीचा आकडा किती दाखवतोय?"

"अडीच. उजव्या इंजिनाचा तर एकसुद्धा नाही."

"चारपर्यंत चालतं, कॅप्टनबाई."

"को-पायलट. रालित्सा. आणि माझ्या पायांना जाणवतंय."

त्याचं हसू मावळलं. "नुसता आकडा चढला असता, तर सेन्सर थापा मारतोय म्हटलं असतं. पायांनाही जाणवतंय म्हणजे... पंख्याचा तोल गेलाय."

टोपी झटकून त्यानं माझ्या हातात दिली. एका टोपीपायी कोणी प्रेमात पडतं का? मी पडले.

दुसऱ्या दिवशी एक मार्च, आमच्याकडे वसंताच्या स्वागताचा सण. जो तो आपल्या माणसाच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधत होता. माझा मी स्वतः वळला होता, फक्त यासेनसाठी. तो मला आपलं मानतो की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

त्यानं हात मागे घेतला.

"हातात नको. इंजिनापाशी चालत नाही."

दोरा खिशात टाकून तो निघून गेला... माझा जीव एवढासा झाला.

दुपारी त्यानंच बोलावलं. पंख्याच्या नाकाडाला तोल साधणारे वजनाचे छोटे स्क्रू बसवून झाले होते. आता विमान जागेवरच ठेवून इंजिन पळवायचं होतं.

"तक्रार तुमच्या पायांची. पासही त्यांनीच करायचं."

मी फुगून कॉकपिटमध्ये त्याच्या शेजारी बसले. इंजिन घोंघावत चढलं, पूर्ण जोरावर गेलं... आणि आकडा पॉइंट तीनच्या पुढे सरकेना. रुसवा विसरून मी टाळीच वाजवणार होते — तेवढ्यात खाली नजर गेली. ब्रेक दाबून धरलेला त्याचा पाय. वर सरकलेली पँट. आणि घोट्याला, दोन गाठी मारून, माझा दोरा.

"यासेन... हे काय?"

"आम्ही मेकॅनिक पायातच बांधतो." नजर आकड्यावर, कान लालबुंद. "तुला कोणी सांगितलं नाही?"

तुला. आत्तापर्यंत मी 'तुम्ही' होते.

त्यानं इंजिन हळूहळू उतरवलं. "पायांना काही जाणवतंय?"

"थरथर."

"इंजिन तर बंद झालं."

"मग ती इंजिनाची नाही," मी म्हणाले. "तुझ्यामुळे आहे. कालपासून."

तो माझ्याकडे वळला. "दुरुस्त करू?"

"खबरदार," मी म्हणाले, आणि ग्रीसचा वास येणारा त्याचा हात घट्ट धरला.