उजव्या खुर्चीचा करार

कॅप्टन वसुधा रेडकर कॉकपिटमध्ये शिरल्या आणि चहाचा थर्मास त्यांनी सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीच्या पट्ट्यात नीट बांधून ठेवला. तिथं बसणारं आता कुणी नव्हतं.

"सुप्रभात, कॅप्टन. गुवाहाटीपर्यंत आकाश स्वच्छ आहे." हेडफोनमधून तेजल उमरीकरचा आवाज आला.

तेजल नागपुरात होती. तिथल्या नियंत्रण केंद्रात पडद्यांसमोर बसून ती एकाच वेळी चार विमानांच्या सहवैमानिकाचं काम करी. या कामाला भू-वैमानिक असं नाव पडलं होतं. बाकीचं 'दक्ष' नावाची यंत्रणा पाही. इंजिनं, इंधन, हवामान यांच्यावर तिचं लक्ष असेच, पण मनगटावरच्या पट्ट्यातून ती कॅप्टनची नाडीही तपासत राही. कॅप्टनला भोवळ आलीच, तर दक्ष विमान जवळच्या धावपट्टीवर स्वतः उतरवू शके. 'मेघवाहन' कंपनीनं काही विमानांवर या पद्धतीची चाचणी सुरू केली होती. स्वेच्छेनं तीत उतरलेल्या मोजक्या कॅप्टनांपैकी वसुधा एक होत्या.

विमान बिहारवर आलं तेव्हा तेजल आपल्या पाव भाजण्याच्या प्रयोगाबद्दल सांगत होती. पाव पुन्हा फसला होता. आईनं त्याचे तुकडे तळून उसळीबरोबर वाढले, इथपर्यंत गोष्ट आली आणि ती थांबली. "एक मिनिट हं, कॅप्टन," म्हणाली. तिच्या दुसऱ्या एका विमानात एक प्रवासी अत्यवस्थ झाला होता.

ते एक मिनिट फार लांबलं. ऑक्टोबरची धुतल्यासारखी हवा होती. डावीकडं ढगांच्या वर हिमालयाची रांग अचानक उघडी पडली, इतकी जवळ की उतारावरच्या सावल्यासुद्धा दिसाव्यात. "अरे, ते बघ," वसुधा म्हणाल्या. डावा हात खिडकीकडं नेत त्या उजवीकडं वळल्या होत्या. तिथं थर्मास होता.

त्यांनी हात खाली घेतला. आपण असं पहिल्यांदाच बोललेलो नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. आठवून पाहिलं तर गेले कित्येक आठवडे त्या या रिकाम्या खुर्चीशी बोलत होत्या. वाऱ्याबद्दल, जेवणाबद्दल, मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाच्या न आलेल्या फोनबद्दल. विमान वेळेवर उतरलं. अहवालात त्यांनी 'सर्व सुरळीत' असं लिहिलं आणि ते खरं होतं.

त्याच आठवड्यात कंपनीनं वैमानिक संघटनेपुढं कराराचा प्रस्ताव ठेवला. सगळ्या विमानांत एकच वैमानिक असेल. कॅप्टनांना भरघोस पगारवाढ मिळेल आणि निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी. सहवैमानिकांनी भू-वैमानिक व्हावं किंवा ठरावीक रक्कम घेऊन घरी जावं. उत्तरासाठी महिनाअखेरीपर्यंत मुदत होती.

संघटनेच्या मुंबईतल्या मरोळच्या कार्यालयात कार्यकारी समिती बसली. समितीत वसुधा धरून सात जण होते. प्रस्ताव वाईट आहे यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते, हा प्रस्ताव सभासदांपुढं मतदानाला टाकायचा की समितीनंच फेटाळायचा, यावर. अध्यक्ष कॅप्टन दिनकर सबनीस फेटाळण्याच्या बाजूचे होते. संघटनेत कॅप्टन जास्त आहेत आणि सहवैमानिक कमी, हे त्यांनी शांतपणे मांडलं. मतदान घेतलं तर ज्यांचं काहीच जात नाही ते, ज्यांचं सगळं जातं त्यांचा निकाल लावतील. सरचिटणीस फर्झाना मुकादम यांना हे पटत नव्हतं. वर्गणी देणाऱ्या माणसाला त्याच्याच करारावर मत देऊ न देणारी संघटना आणि कंपनी यांत फरक काय, असं त्यांनी विचारलं. दोन तास वाद चालला. शेवटी तीन जण एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला राहिले आणि सगळे वसुधांकडं बघू लागले. एकटीनं विमान उडवल्याचा अनुभव त्या खोलीत फक्त त्यांनाच होता.

वसुधांनी सगळं सांगितलं. काहीही बिघडलं नाही, दक्ष कधीही चुकली नाही, हे आधी सांगितलं. मग खुर्चीशी बोलण्याचंही सांगितलं. कुणीतरी हसलं. तरी प्रस्ताव सभासदांपुढंच ठेवावा, असं त्या शेवटी म्हणाल्या.

"तू स्वतः या कराराला मत देशील?" सबनीसांनी विचारलं. वसुधा नव्या होत्या तेव्हा याच माणसाच्या उजव्या हाताला बसून त्यांनी पहिली तीन वर्षं काढली होती.

"नाही, सर."

"मग मतदानाला टाकायचं कशाला म्हणतेस?"

"माझं 'नाही' माझं आहे. इतरांचं 'नाही' मी कसं सांगू?"

"त्याच्यासाठीच तर आपल्याला निवडून दिलंय, वसुधा."

तरीही वसुधांनी मतदानाच्या बाजूनं हात वर केला. अट एकच घातली, की आपण आत्ता जे सांगितलं ते प्रस्तावाबरोबर प्रत्येक सभासदाला पाठवावं. हे वाचल्यावर कुणी हो म्हणणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आजवर समितीच्या बैठकीनंतर सबनीस आणि वसुधा कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकत्र जेवत. त्या दिवशी सबनीस एकटेच गाडीत बसून निघून गेले.

वसुधांचं निवेदन सभासदांनी वाचलं, तसं कंपनीनंही वाचलं. आठवड्याभरात सुधारित प्रस्ताव आला, उत्तराची मुदतही महिनाभर वाढली. कॅप्टनांच्या एकटेपणाची बाब प्रथमच समोर आणल्याबद्दल त्यात कॅप्टन रेडकर यांचे नाव घेऊन आभार मानले होते. त्यावर कंपनीनं उपायही काढला होता. प्रत्येक कॉकपिटमध्ये बोलणारी, ऐकणारी आणि बाहेरचं पाहू शकणारी एक यंत्रणा बसवण्यात येणार होती. तिचं नाव 'सोबत'. आणि पहिली चाचणी अर्थातच वसुधांच्याच विमानात होणार होती.

आवाज पन्नाशीतल्या एखाद्या समंजस बाईचा होता. उगाच बडबड नव्हती. गुवाहाटी जवळ आली तशी सोबत म्हणाली, "ब्रह्मपुत्रा आज पसरलीय नुसती. यातलं पात्र कुठलं नि वाळू कुठली, सांगता यायचं नाही." वसुधांनाही नेमकं तेच वाटलं होतं. त्या नकळत हसल्या. परतीच्या उड्डाणात त्यांनी तिला मुलाबद्दल सांगितलं. सोबतनं असा नेमका प्रश्न विचारला, की वसुधा त्याच्या न आलेल्या फोनबद्दलही बोलून गेल्या. आजवर शेजारी बसलेल्या कित्येक सहवैमानिकांपेक्षा हिच्याशी बोलणं सोपं होतं. मुंबईत उतरल्यावर त्यांना हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटत होती.

उड्डाणभर तेजल एकदाही बोलली नाही, हे त्यांच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं.

पुढच्या महिन्यात मतदान चालू असताना वसुधांचा एक मुक्काम नागपुरात पडला. दुपारी त्या नियंत्रण केंद्रात गेल्या. तेजलला त्या प्रथमच बघत होत्या. आवाजावरून वाटे त्यापेक्षा ती ठेंगणी होती, डोळ्यांखाली काळं होतं. दालनाला खिडकी नव्हती. तिच्यासमोर आता आठ पडदे होते.

"चाचणीच्या सगळ्या विमानांत आता कॅप्टनशी बोलायला सोबत आहे ना, म्हणून विमानं वाढवली," तेजल म्हणाली. "अडचण आली की दिवा लागतो. दिवा लागला तरच लाइन जोडायची."

"आणि नाही लागला तर?"

"मग काही नाही." ती थोडं हसली. "परवा घरी गेल्यावर आईनं हाक मारली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून तोंड उघडलेलंच नाही."

भू-वैमानिकांचं या करारावर मत काय, असं वसुधांनी विचारलं. त्यांना मताचा अधिकारच नव्हता. कागदोपत्री ते दुसऱ्याच एका कंपनीचे नोकर होते, त्यामुळं संघटनेचे सभासद होऊ शकत नव्हते. आपणही विमान उडवण्याचाच परवाना काढलाय, आणि पहिल्या एकट्या उड्डाणाचा फोटो आईनं देवघराशेजारी लावलाय, एवढं सांगून तेजल पुन्हा पडद्यांकडं वळली.

वसुधांनी तिथूनच सबनीसांना फोन लावला. मतदान थांबवता येईल का, असं विचारलं. येणार नाही, ते म्हणाले. एकदा टाकलेली मतं परत घेता येत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" नाही म्हटल्यावर जेवून घे म्हणाले. त्यांच्यात बैठकीनंतर झालेलं हे पहिलं बोलणं.

करार मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. कित्येक कॅप्टनांनी वसुधांना आपणहून सांगितलं, की आधी ते नाहीच म्हणणार होते, पण सोबतमुळं मन बदललं. काहींनी आभारही मानले. भू-वैमानिकांना संघटनेत घ्यावं असा ठराव वसुधांनी समितीपुढं मांडला. सबनीसांनी त्याला अनुमोदन दिलं. बाकीच्यांनी तो पुढच्या वार्षिक सभेवर ढकलला.

नव्या कराराखालच्या पहिल्या उड्डाणात वसुधांनी थर्मासचं झाकणही उघडलं नव्हतं. खाली छत्तीसगडची जंगलं सरत होती.

"आज मन थाऱ्यावर नाही वाटतं," सोबत म्हणाली. वसुधांनी हात पुढं करून भू-संपर्काचं बटण दाबलं. सोबतनं लगेच आठवण करून दिली, की अडचणीशिवाय संपर्क केल्यास त्याची नोंद सेवापुस्तकात होते. वसुधांनी बटणावरचं बोट काढलं नाही.

"नागपूर." आवाज घाईचा होता. "कॅप्टन, दिवा लागलाय. अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही, तेजल. तू कशी आहेस?"

लाइन चालू होती. पलीकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि कुणाचा तरी श्वास. वसुधा वाट पाहत राहिल्या. तेजलचं लक्ष उरलेल्या सात विमानांपैकी एखाद्याकडं गेलं होतं, की एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर तिला सापडत नव्हतं?