बारापैकी शून्य

टेबलावर सात केबली होत्या. पाच काळ्या, एक निळी आणि एक कधीकाळी पांढरी असावी अशी. त्यांतल्या दोघींच्या पिना गंजलेल्या, एकीच्या पोटाला चिकटपट्टी. शिवाय एक मल्टिमीटर, चहाचे दोन रिकामे पेले, आणि टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय. घोट्यांना वाळू लागलेली.

"कोण आहे?" ऋजुताने विचारलं.

"साऊंड," पाय म्हणाले. "ती वरची निळी द्या जरा... नको, राहू दे. तिच्यात घूं असा आवाज येतो."

"न लावताच कळलं?"

पाय थांबले. मग उरलेला माणूस सावकाश बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, हातात टेस्टर, आणि डोळ्यांत — आता डोळ्यांत काय होतं हे ऋजुताला त्या दिवशीही नीट सांगता आलं नसतं.

"तुम्ही अण्णांची पुतणी ना? सायन्सवाली?"

"भौतिकशास्त्र. एमएस्सी."

"मग बरोबर. मी अजिंक्य. माझ्यावर भरवसा नाही म्हणून तुम्हाला बोलावलंय."

ते खरंच होतं. अण्णांची नाटकमंडळी संगीत नाटकाच्या स्पर्धेत उतरत होती आणि हॉलमधल्या माइकच्या केबली जुन्या झाल्या होत्या. अजिंक्य दिवसा मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींचे वायरलेस दुरुस्त करायचा, संध्याकाळी मंडळींचा साऊंड बघायचा. त्याने आणलेल्या नमुन्यांत एक अगदी स्वस्त होती आणि एक तिच्या तिप्पट किमतीची. अण्णांना दोन्ही सारख्याच काळ्या दिसल्या. "कानाला फरक पडतो की नुसता खिशाला, तेवढं बघ गो," असं म्हणून त्यांनी पुतणीला पाठवलं होतं.

एका संध्याकाळचं काम. पण ऋजुताने ते नीट करायचं ठरवलं, आणि नीट केलं की काम लांबतंच. दोघांनी मिळून केबली सोलल्या. आतल्या तारेभोवती तांब्याची बारीक जाळी असते, बाहेरची घूं तिने अडवायची असते. स्वस्त केबलची जाळी इतकी विरळ होती की भिंगातून तिच्या भोकांतून अजिंक्यची बोटं दिसत होती.

"काय दिसतंय?"

"भोकं," ऋजुता म्हणाली, आणि भिंग उगाचच आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास यायचा. स्टेजवर मंडळींत गाणाऱ्या कुसुममावशी तेच पद पुन्हा पुन्हा घोळवायच्या. रोज निघताना अजिंक्य केबली गुंडाळत, तिच्याकडे न बघता विचारायचा, "उद्या...?" ती म्हणायची, "अजून मोजायचं राहिलंय." आणि घरी जाताना भाट्याच्या पुलावर तिच्या लक्षात यायचं, की राहिलेलं असं काहीच नव्हतं. मग आपण तसं का म्हणालो? याचं उत्तर मल्टिमीटरवर येत नव्हतं.

शेवटी तिनेच विषय संपवायचा ठरवला.

"मीटरवर फरक दिसतो," ती म्हणाली. "पण प्रेक्षक मीटर घेऊन येत नाहीत. तू म्हणतोस कानाला कळतो. तर ओळखून दाखव. बारा वेळा. मी पडद्यामागून केबल बदलणार, नाणं उडवून. तू फक्त सांगायचं, स्वस्त की महाग."

"आणि ओळखली तर?"

"तर महाग घ्यायची. माझं काम संपलं."

"नाही ओळखली तर?"

"तर आपली पद्धतच चुकली. सगळं पहिल्यापासून तपासावं लागेल. हॉलभरच्या वायरी."

"म्हणजे रोज यावं लागेल तुला?"

"लागेलच ना."

"बरं," अजिंक्य म्हणाला. आणि टेस्टर खिशात टाकला.

शुक्रवारी अख्खी मंडळी बघायला जमली. अजिंक्य कानाला हेडफोन लावून खिडकीकडे तोंड करून बसला. स्टेजचे दिवे डिमरवर मंद केले, म्हणजे त्यांची घूं केबलीत जोरात यावी. प्रत्येक वेळी तो डोळे मिटायचा, मान किंचित कलती करायचा आणि मग ठामपणे सांगायचा. "महाग." "स्वस्त." "पुन्हा स्वस्त." इतका ठाम, की ऋजुताला वाटलं हा बाराही ओळखणार. पुढचं नाणं उडवायला तिने उगाच वेळ लावला. काम संपलं म्हणून आनंद व्हायला हवा होता ना?

तिने उत्तरं ताडून पाहिली. मग परत पाहिली.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"शून्य."

हॉल हसून कोसळला.

"अरे मेल्या! एकही नाही?" अण्णा म्हणाले. "कान आहेत की शिंपले? आणि आम्हाला महागातली घ्या म्हणून सांगत होतास! उद्या रात्री चिपळूणच्या साऊंडवाल्याला फोन लावतो. स्पर्धेत असली जोखीम नको."

अजिंक्यचं हसू तिथल्या तिथे विरलं. या मंडळींचा साऊंड तो कॉलेजात असल्यापासून करत होता. त्याने ऋजुताकडे एकदा पाहिलं, हेडफोन टेबलावर ठेवला आणि स्लिपरा पायात अडकवून निघून गेला.

आव्हान ऋजुताचं होतं, आणि ती जिंकली होती. तरी जेवताना तिने उत्तरांचा कागद पुन्हा ताटाशेजारी उघडला.

शून्य. तिला हा आकडाच पटेना. ज्याला काही ऐकू येत नाही, तो अंदाजाने सांगतो. अंदाजाने सांगणाऱ्याचे बारापैकी सहाएक बरोबर येतात. पाच, सात. बाराही चुकायचे तर तसं चार हजार शहाण्णवांत एकदा होणार.

शनिवारी दुपारी तिने कुसुममावशींना हॉलवर ओढून नेलं. मावशींनी केबली बदलल्या, ऋजुता हेडफोन लावून बसली. स्वस्त केबलमध्ये दिव्यांची घूं माशीसारखी मागे लागत होती. तिचे अकरा बरोबर आले.

"तुला अकरा, आणि त्याला शून्य?" मावशींनी पदर खोचला. "अगो, तो बंदरावर उभा राहून सांगतो कोणाच्या इंजिनात पाणी गेलंय ते."

"तेच तर, मावशी. सगळी चुकवायला आधी सगळी ओळखावी लागतात."

"मग चुकवली कशाला मेल्याने?"

ऋजुता केबली गुंडाळायला लागली. तिचे कान मात्र तापले. मावशींनी तिच्याकडे बघितलं, "बाई गं," म्हणाल्या आणि आपलं पद गुणगुणत घरी निघून गेल्या.

अजिंक्य आला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो दारातच थांबला.

"उरलेलं सामान न्यायला बोलावलंस ना?"

"खोटं तरी धड बोलायचंस," ऋजुता म्हणाली. "सहा चुकवायची, सहा बरोबर सांगायची. कोणाला संशय आला नसता."

तो टेबलाच्या कडेवर टेकला. निळी केबल बोटांभोवती गुंडाळत म्हणाला, "एवढं कुठे सुचतंय त्या वेळी. मला वाटलं, जितकी चुकतील तितकं तपासायला जास्त दिवस लागतील तुला."

"आणि अण्णांनी ती भिकार केबल आणली असती तर?"

"तू आणू दिली असतीस? शून्य बघून तू गप्प बसणार नाहीस, हे माहीत होतं मला." मग जरा थांबून, "चिपळूणचं मात्र माहीत नव्हतं."

"अण्णांना सांगितलंय मी. कान चांगले आहेत, तोंड खोटारडं आहे. साऊंड तूच करायचास. आणि महाग केबल घ्यायची."

"म्हणजे..." तो टेबलाकडे बघत राहिला. "काम संपलं तुझं."

"संपलं."

दोघंही हलले नाहीत. बंदराकडून एका बोटीचा भोंगा आला.

"ऋजुता... काम नसताना येशील?"

तिने खुर्ची ओढली. हेडफोन उचलून कानांना लावले आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"बदल केबल. बारा वेळा. नाणं उडवून."

"आता कशाला? तुझे अकरा आले, मावशी बोलल्या मला."

"तेव्हा मावशी बदलत होत्या."

तो मागे येऊन उभा राहिला. हेडफोनची एक बाजू वाकडी बसली होती, ती त्याने बोटाने सरळ केली. बोट जरा वेळ तिथेच राहिलं. मग नाणं उडाल्याचा आवाज आला. दिवे तेच, घूं तीच, खिडकीतून येणारा मोहोराचा वासही तोच. ऋजुता डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे, बारा वेळा उत्तर देत गेली.

बारापैकी सहा.