सहाव्या हिरवळीवरचे बूट

"अगं, मार की आता! मागची मंडळी खोळंबलीत!" बडबड्या ओरडला.

मुंगीने चेंडूकडे डोळे वटारून पाहिलं आणि काठी हाणली. चेंडू टुणटुणत तळ्याकडे गेला. जाईना का! तिला फक्त सहाव्या होलपर्यंत पोचायचं होतं, आणि खेळणाऱ्यांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. नशीब, गोल्फचं हे मैदान सार्वजनिक होतं आणि सुट्टीत मुलांना अर्धं तिकीट होतं! मुंगी, तिचा धाकटा भाऊ बडबड्या आणि शेजारचा चष्म्या, तिघांत मिळून भाड्याच्या दोन काठ्या होत्या.

मुंगीची आई या मैदानावर माळीकाम करायची. नऊ होलांभोवतीच्या नऊ हिरवळी ती पोटच्या पोरांसारख्या जपायची. पण पंधरा दिवसांपासून सहाव्या हिरवळीवर तपकिरी डाग पडत होते. व्यवस्थापकसाहेबांनी ना विचारलं ना पाहिलं, निकाल देऊन मोकळे! "खत जास्त झालंय तुमच्याकडून. सोमवारपासून गाड्यांच्या तळावर काम करा." त्या दिवशी आईला घास गिळवेना. ते मुंगीने पाहिलं. खरं कारण शोधायचंच, असं तिने ठरवलं, आणि मुंगीने ठरवलं की ब्रह्मदेवही तिला हलवू शकत नसे.

तिघं सहाव्या हिरवळीवर गुडघे टेकून बसली.

"खताने जळलं असतं तर सगळीकडे जळलं असतं," चष्म्या म्हणाला. "डाग फक्त तळ्याच्या बाजूला आहेत."

"आणि प्रत्येक डागाच्या मधोमध हे दोन हिरवे तुकडे कसले?" बडबड्याने विचारलं.

मुंगीने एका तुकड्यावर आपला पाय ठेवून पाहिला. "बूट आहेत हे! इथे कुणीतरी उभं होतं. बुटांखालचं गवत वाचलं, भोवतालचं जळलं!"

फटाक! चष्म्याने स्वतःच्याच पोटरीवर चापट मारली. "काय डास आहेत इथे! फोडून काढलं मेल्यांनी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डासांचा स्प्रे!" तिघं एकदम ओरडली.

नुसत्या तर्काने भागणार नव्हतं. चष्म्याने घरामागच्या गवतावर उभं राहून पायांवर भरपूर स्प्रे मारला. दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग, आणि आत त्याच्या चपलांचे हिरवेगार ठसे!

"पण हिरवळीवरचे बूट कुणाचे?" बडबड्याने विचारलं.

"ते बूट फाकलेले होते, दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे," मुंगी म्हणाली. "तसं चालणारं माणूस शोधायचं."

रविवारी सकाळी तिघं फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय न्याहाळू लागली. तेवढ्यात मैदान चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंबरोबर व्यवस्थापकसाहेब खेळायला आले. त्यांचा एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला!

मुंगी चटकन उभी राहिली. साहेबांच्या तोंडावर कसं बोलायचं? पण सोमवार उद्यावर आला होता. ती तडक अध्यक्षबाईंकडे गेली. "बाई, आम्ही तुमच्या मागून येऊ? लांबून बघू, गप्प राहू."

"हा गप्प राहील?" बडबड्याकडे पाहून बाई हसल्या. "या!"

सहाव्या हिरवळीवर डास घोंघावू लागताच साहेबांनी सवयीने खिशातून स्प्रेची डबी काढली. फुस्स्! पुढून, मागून, दोन्ही पायांवर!

"साहेब, हलू नका!" मुंगी किंचाळली.

साहेब पांढरेफटक पडले. "साप?"

"नाही, बूट! आता तसेच या डागात उभे राहा."

गोंधळलेल्या साहेबांनी पाय ठेवले. ते हिरव्या ठशांवर तंतोतंत बसले! चष्म्याने घरच्या प्रयोगाची हकिगत सांगितली, मुंगीने आईच्या बदलीची.

"म्हणजे चूक तुमची आणि शिक्षा माळीणबाईंना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांची मान खाली गेली. पण माणूस प्रामाणिक होता. ते तसेच अवजारांच्या खोलीकडे गेले, मागोमाग बाकीचे. आई तिथे जड मनाने यंत्रांच्या किल्ल्या जुळवून ठेवत होती.

"बाई, माझं चुकलं. हिरवळ मी जाळली. तुम्ही कुठेही जायचं नाही."

आईने हातातल्या किल्ल्या परत कमरेला खोचल्या. मग म्हणाली, "यापुढे स्प्रे डांबरी वाटेवर उभं राहून मारायचा. आणि नवं गवत धरेपर्यंत तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. तुम्हीसुद्धा!"

"कबूल!"

"हुशार मुलं पुष्कळ पाहिली," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण इतकी चिवट पाहिली नव्हती. शाब्बास!"

आईने मुंगीला जवळ ओढलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू मुंगीला आत्ता फुटलं.

"पुरे गं," आईने तिचे डोळे पुसले. "खुरपी घ्या. जळकं गवत काढायचंय, मला अजून सहा हात लागतील."

"आठ," बाह्या सरसावत साहेब म्हणाले.